पूजेतली फेसशील्ड

“कॉर्निअल बर्न. दोन्ही डोळे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “डावा वाचेल असं वाटतं. उजव्याचं आज सांगता येणार नाही.”

हे ऐकलं तेव्हा मी त्यांना पाहिलेलंही नव्हतं. माझ्या पापण्या सुजून मिटल्या होत्या. कुणीतरी बोटांनी त्या उघडून धरायचं, थेंब टाकायचं, दिवा मारायचं, आणि मला नुसतं तांबडं-पिवळं काहीतरी हललेलं कळायचं. बाकी मैसूरचं ते हॉस्पिटल माझ्यासाठी सगळं आवाजातच होतं.

कॉर्निया म्हणजे काय, हे डॉक्टरबाईंनी मला हिंदीत समजावलं. घड्याळाच्या तबकडीवर काच असते तशी बुबुळावर एक स्वच्छ काच असते, तो कॉर्निया. ती काच भाजली होती. काचेच्या कडेला तिची नवी त्वचा बनवणाऱ्या बारीक पेशी असतात, त्या कडेला लिम्बस म्हणतात. उजव्या डोळ्याची कड बऱ्याच ठिकाणी पांढरी पडली होती.

“त्या पेशी जगल्या तर काच पुन्हा स्वच्छ होईल,” त्या म्हणाल्या. “मेल्या तर ती दुधासारखी होईल.”

“कधी कळेल, मॅडम?”

“थांबावं लागेल.”

पुढचे कित्येक दिवस मी हेच उत्तर ऐकलं. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. लिहायची सवय नाही. तरी लिहितोय, कारण सोलरवर काम करणारी माझ्यासारखी पुष्कळ पोरं आपापल्या गावापासून लांब आहेत. त्यांच्यातल्या कुणावर अशी वेळ येऊ नये, आणि आलीच तर पट्टीखाली पडल्यावर नक्की काय चाललंय हे त्याला आधीपासून माहीत असावं.

मी हिंगोलीकडचा. वडील सुतार. मैसूरजवळ, एच. डी. कोटेच्या अलीकडे एका मोठ्या सोलर प्लांटवर मी टेक्निशियन आहे. आमचे फोरमन शिवण्णा तिथलेच, वयाने माझ्या वडिलांएवढे. आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलतात. इथे मी ते मराठीतच लिहितो.

तो दिवस आयुधपूजेचा होता, म्हणजे आपली खंडेनवमी. मैसूरच्या बाजूला तिचा थाट काय सांगू! कंट्रोल रूमच्या दाराला केळीचे खुंट, प्रत्येक इन्व्हर्टरला झेंडूची माळ, फोडलेल्या कोहळ्यावर कुंकू, सगळ्यांच्या हातात चुरमुरे आणि डाळवं. टेबलावर नवीन कापड घालून आम्ही सगळी हत्यारं मांडली. पाने, पकडी, करंट मोजायचा क्लॅम्प मीटर. शिवण्णांनी कौतुकाने रबरी हातमोजे, भाजू नये म्हणून घालायचा जाड निळा आर्क सूट आणि तोंड झाकणारी फेसशील्डही मांडली. शील्डच्या कपाळावर हळद-कुंकवाची तीन बोटं ओढली. छान दिसत होती.

पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळी हलवेपर्यंत उचलायचं नाही. इथेही तसंच, आमच्याकडेही तसंच. खंडेनवमीला वडिलांनी करवत आणि रंधा पूजेत ठेवला की दारात कुणीही येऊ दे, ते म्हणायचे, “आज हत्यार देव आहे. उद्या ये.”

दुपारी अलार्म वाजला. एका कॉम्बायनर बॉक्समध्ये अर्थ फॉल्ट दाखवत होता, म्हणजे वीज कुठेतरी जमिनीत गळत होती, आणि त्याच्यामुळे इन्व्हर्टर सारखा ट्रिप होत होता. पॅनेलच्या ओळींना स्ट्रिंग म्हणतात. अशा बऱ्याच स्ट्रिंग ज्या पेटीत एकत्र येतात तो कॉम्बायनर बॉक्स. फोनवर साहेब म्हणाले, खराब स्ट्रिंगचा फ्यूज काढून ठेवा, बाकी चालू राहू द्या.

मी टेबलाकडे बघितलं. शिवण्णांनीही बघितलं.

“पूजेतलं नको उचलू,” ते म्हणाले. “पाच मिनिटांचं काम आहे. आयसोलेटर बंद कर, फ्यूज ओढ, ये.”

ते म्हणाले नसते तरी माझा हात तिकडे गेला नसता. कुंकू लावलेली शील्ड उचलून डोक्यात घालायची, हे माझ्या मनातच येईना. मी साधे कापडी हातमोजे घातले आणि गेलो.

आता कामाचं सांगतो. घरातलं बटण बंद केलं की तार मेली असं आपण धरतो. सोलरचं तसं नाही. ऊन आहे तोवर पॅनेल जिवंत. मी आयसोलेटर बंद केला, म्हणजे इन्व्हर्टरकडे जाणारी वाट बंद झाली. पण पेटीच्या आत सगळ्या स्ट्रिंग एकमेकींना जोडलेल्याच होत्या. एकीला जमिनीची वाट मिळाली की बाकीच्या तिच्यातूनच करंट ढकलतात. म्हणजे मी ओढणार होतो त्या फ्यूजमधून करंट वाहत होता. क्लॅम्प मीटर लावला असता तर आकडा दिसला असता. मीटर झेंडूच्या माळेखाली होता.

घरातल्या विजेची ठिणगी तुटते. पॅनेलची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी; तिची ठिणगी तुटत नाही, ताणली जाते. फ्यूज बाहेर आला आणि त्याच्यामागून पांढरा उजेड आला. आवाज मला नंतर ऐकू आला.

याला आर्क फ्लॅश म्हणतात. हा शॉक नव्हे. माझा तारेला स्पर्शही झाला नव्हता. मधली हवाच पेटते, तांबं वितळून उडतं, आणि समोर जे उघडं असेल ते भाजतं. माझा चेहरा उघडा होता.

शिवण्णा धावत आले. चोळू नको, चोळू नको, एवढंच ते ओरडत होते, आणि बाटल्यांमागून बाटल्या माझ्या तोंडावर, डोळ्यांत ओतत होते. गाडीतही ओतत राहिले. डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या की या पाण्याने बरंच वाचवलं. कुणाचंही काही भाजलं तर हे लक्षात ठेवा: साधं स्वच्छ पाणी, भरपूर, आणि लगेच. हळद नको, तूप नको, टूथपेस्ट नको.

मैसूरमध्ये शिरलो आणि गाडी थांबली. दसऱ्याची गर्दी. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. बाहेर पिपाण्या वाजत होत्या, पोरं ओरडत होती, कुणीतरी कणसं विकत होतं. शिवण्णा खिडकीतून डोकं काढून कन्नडमध्ये विनवण्या करत होते. मी दर थोड्या वेळाने विचारत होतो, “दिवे लागलेत का, अण्णा?”

“लागलेत रे. लाखो लागलेत.”

मला एकही दिसत नव्हता.

वॉर्डमध्ये मला पहिल्यांदा मराठी ऐकू आलं ते सिस्टर सुनंदाबाईंचं. मी “आई गं” म्हणालो, त्यावरून त्यांनी ओळखलं.

“अय्यो, मराठीवाला काय रे तू? सुम्मने पडून रहा, मरी. हलू नको. मलम लावते स्वल्प.”

सुम्मने म्हणजे गप्प, मरी म्हणजे बाळ, स्वल्प म्हणजे थोडं, हे मला इतक्या दिवसांत येत होतं. त्यांचे पूर्वज कधीकाळी मैसूरच्या महाराजांच्या फौजेत होते. घर इथेच चामराजपुरमला. घरात अजून मराठी चालते.

“माझी मराठी असलीच हां,” त्या म्हणाल्या. “हसायचं नाही.”

हसायला माझे ओठ हलत नव्हते. गाल, कपाळ, नाक सगळं फोडांनी भरलेलं. याला सेकंड डिग्री बर्न म्हणतात, म्हणजे वरची कातडी आणि तिच्या खालचा थोडा थर गेलेला. ते भरून येतं. चेहऱ्याची मला भीती नव्हती. मी सारखा डोळ्याचंच विचारायचो.

दसऱ्याच्या दिवशी सगळा वॉर्ड रिकामा वाटला. ज्यांना चालता येत होतं ते टीव्हीपाशी गेले होते. हत्तीवरच्या अंबारीची मिरवणूक चालली होती. दुरून तोफांचे आवाज आले तसा मी दचकून उठून बसलो. आर्कचा आवाज तसाच होता. सुनंदाबाईंनी माझ्या छातीवर हात ठेवला.

“तोफ आहे रे. सलामी. झाली, झाली.”

तेवढ्यात फोन वाजला. आई. सुनंदाबाईंनी तो माझ्या कानाला लावला.

“संतोषा, सोनं लुटलं का न्हाई? सकाळपासून वाट बघायलोय आम्ही.”

“लुटलं की, आई.”

“आवाज असा का यायलाय तुझा?”

“सर्दी झालीय.”

“मग व्हिडिओ लाव. तोंड तरी बघू दे सणाचं.”

“नेट नाही इथं.”

आई म्हणाली, “बरं. काढा घे.” फोन ठेवला.

“किती खोटं बोलतोस रे,” सुनंदाबाई म्हणाल्या. “सणाचं मला पण त्यात घेतलंस.” पण त्यांनी रुमालाने माझ्या हनुवटीवरचं पाणी टिपलं. “आणि रडू नको. डोळ्यातलं औषध वाहून जातंय.”

डावा डोळा आधी उघडला. त्याला फोटोकेराटायटिस झाला होता, म्हणजे झगझगीत उजेडाने कॉर्नियाची वरची साल सोलल्यासारखी होते. वेल्डिंग करणाऱ्यांना होतं ते हेच. डोळ्यात वाळू भरल्यासारखं दुखतं, पण साल परत येते. सूज उतरली, सुनंदाबाईंनी पापणी पुसली, आणि फटीतून मला सगळ्यात आधी शिवण्णा दिसले. अंगात पूजेच्या दिवशीचाच पांढरा शर्ट, खिशावर कुंकवाचा डाग, दाढी वाढलेली.

“अण्णा, घरी गेला नाहीत?”

“जातो. रस्ते बंद आहेत ना.”

“कसले बंद?” सुनंदाबाई म्हणाल्या. “दसरा होऊन गेला, गर्दी गेली, हत्ती पण गेले. दोघं एकाच शाळेत शिकलात काय खोटं बोलायला?”

आम्ही तिघेही थोडे हसलो. माझा फोड फुटला.

उजव्या डोळ्याची फट उघडली तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. तिथे नुसतं धुकं होतं. डॉक्टरबाईंनी पिवळं औषध घालून निळ्या दिव्याखाली पाहिलं. भाजलेली जागा त्या उजेडात हिरवी चमकते म्हणे. दिवा सरकवून त्यांनी पुन्हा पाहिलं, मग आणखी एकदा. मला तेवढ्यावरून कळलं.

“उद्या ऑपरेशन करू,” त्या म्हणाल्या. “अॅम्निऑटिक मेम्ब्रेन लावू.”

बाळ पोटात असताना त्याच्याभोवती एक पातळ पडदा असतो. बाळंतपणात वारेबरोबर तो बाहेर येतो. एखाद्या आईने परवानगी दिली तर तो स्वच्छ करून, तपासून जपून ठेवतात. भाजलेल्या डोळ्यावर तो पडदा शिवला की त्याच्या सावलीत नवी साल धरते. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात वार आम्ही अंगणात पुरली होती. ती कुणाच्या डोळ्याला लागू शकते हे कुणाला ठाऊक होतं?

“नक्की दिसेल ना मग?”

“मी वचन देत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पडद्याने धरलं तर आशा आहे.”

त्या गेल्या. शिवण्णा माझ्या पलंगाशी सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, “घाबरू नको. मी चामुंडम्मेला नवस बोललोय. तुझे दोन्ही डोळे उघडेपर्यंत पूजा हलवणार नाही.”

“म्हणजे?”

“कंट्रोल रूममधली पूजा. आहे तशी आहे. कुणाला हात लावू दिला नाही.”

हे ते मला आनंदाची बातमी द्यावी तसं सांगत होते. मला आधी बरंही वाटलं. मग टेबलावर काय काय मांडलं होतं ते आठवलं.

“फेसशील्ड?”

“तिथेच आहे.”

“मीटर? हातमोजे?”

“सगळं तिथेच, म्हटलं ना.”

“मग साइटवर काम कोण करतंय?”

“दोन नवीन मुलं आलीत. करतात सावकाश.”

“काय घालून करतात, अण्णा?”

शिवण्णा खिशावरचा कुंकवाचा डाग नखाने खरवडू लागले.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते लिहितो, कारण तुमच्याही मनात तसलंच काही येईल. मला वाटलं, राहू दे. उद्या तर ऑपरेशन आहे. एक दिवस पूजा तशीच राहिली तर काय बिघडतं? माझा एक डोळा देवीच्या हातात आहे, आणि मीच तिची पूजा मोडायला सांगू? त्या दोन मुलांची नावंही मला माहीत नव्हती.

पण डावा डोळा मिटला की तो पांढरा उजेड यायचा. आणि त्या उजेडासमोर आता मला माझं तोंड दिसत नव्हतं. कुणातरी दुसऱ्याचं दिसत होतं.

“अण्णा, फोन लावा,” मी म्हणालो. “पूजा हलवायला सांगा. आत्ता.”

“वेडा झालास? नवस आहे.”

“नवस कुणाच्या डोळ्यासाठी आहे?”

“तुझ्या.”

“मग मी मोडतो.”

“आणि उद्या उलटं झालं तर? मी तुझ्या आईला काय सांगू?” त्यांचा आवाज चढला. “आधीच माझ्या एका शब्दाने तुझं हे झालं. आता हे पण मीच करू?”

शेजारच्या पलंगावरचे लोक वळून बघायला लागले. सुनंदाबाई इंजेक्शनचा ट्रे घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. मग ट्रे खाली ठेवून त्या शिवण्णांशी कन्नडमध्ये बोलल्या, आणि मला कळावं म्हणून तेच मराठीत सांगितलं.

“आमच्या घरी पणजोबांची तलवार आहे. आयुधपूजेला आम्ही पाटावर ठेवतो. पण ते पहाऱ्यावर असले की काय करायचे, माहीत आहे का? कमरेची तलवार काढायचेच नाहीत. पणजी तिथेच कमरेला कुंकू लावायची. पहारेकऱ्याचं हत्यार पाटावर बसलं तर पहारा कोण देणार? देवीला एवढं कळत नाही काय?”

शिवण्णा उठून दाराशी गेले आणि फोन लावला. पोरांशी ते हिंदीतच बोलत होते, मला एकेक शब्द ऐकू येत होता. आधी हळद-कुंकू वाहा. नमस्कार करा. मग उचला. सूट मुलांना द्या. मीटर द्या. मोजल्याशिवाय कुणी पेटी उघडायची नाही.

आत येऊन ते म्हणाले, “झेंडू वाळून कडक झालेत म्हणे.” आणि डोळे पुसले.

ती संध्याकाळ मला फार जड गेली. मी केलं ते बरोबर आहे हे माहीत होतं, पण भीती त्याने जात नाही. ऑपरेशनला नेताना डोक्यावरचे दिवे उजव्या डोळ्याला नुसते डाग दिसले. मला वाटलं, हे शेवटचे डाग. डोळ्याभोवती सुई टोचून तो बधिर करतात, आपण जागेच असतो. डॉक्टरबाई हलक्या आवाजात बोलत होत्या, कात्री मागत होत्या. मी मनातल्या मनात त्या अनोळखी बाळाला म्हणत होतो, बाबा, तुझं पांघरूण घेतोय, थंडी वाजू देऊ नको.

नंतर पट्टी. मग पुन्हा थांबणं. रोज डॉक्टरबाई यायच्या, पट्टी सोडायच्या, निळा दिवा लावायच्या, “हं” म्हणायच्या आणि जायच्या. त्या ‘हं’वर माझा अख्खा दिवस जायचा. आज ‘हं’ लांब होता का आखूड? सुनंदाबाई म्हणायच्या, “अरे, त्यांना खोकला झालाय, त्याचा कसला अर्थ काढतोस?”

मी आईला खरं सांगितलं ते याच दिवसांत. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, “सर्दीचा आवाज असा नसतो रं, लेकरा. मला त्याच दिवशी कळलं होतं.” वडिलांनी फोन घेतला आणि एकच विचारलं, “हात चांगले आहेत ना?”

मग एका सकाळी डॉक्टरबाईंनी डावा डोळा झाकला आणि विचारलं, “काय दिसतंय?”

धुकं होतं. धुक्यात काहीतरी उभं होतं.

“बोटं आहेत,” मी म्हणालो.

“किती?”

“दोन. नाही, तीन.”

या वेळी त्यांनी ‘हं’ म्हटलं नाही. “पडद्याने धरलंय,” त्या म्हणाल्या. शिवण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सुनंदाबाईंनी त्यांच्या हातात माझा रुमाल दिला.

उजवा डोळा पहिल्यासारखा झालेला नाही. कडेला धूसर डाग आहे, उन्हात पाणी येतं, गॉगल लावावाच लागतो, औषधाचे थेंब चालू आहेत. पण दिसतं. आईने शेवटी व्हिडिओवर तोंड बघितलं आणि म्हणाली, सासुरवाडी आता मिळायची नाही. म्हणजे ती सावरली.

जिच्या बाळाचा पडदा माझ्या डोळ्यावर आहे तिचं नाव मला कधीच कळणार नाही. त्या बाळाला माझ्याकडून सुख लाभो, एवढंच म्हणतो.

साइटवर काम आता वेगळं चालतं. आधी कंट्रोल रूममधून इन्व्हर्टर थांबवायचा, मग आयसोलेटर, मग सूट घालून प्रत्येक स्ट्रिंगवर मीटर. आकडा शून्य नसेल तर फ्यूजला हात लावायचा नाही, बॉक्स बंद करून ऊन उतरायची वाट बघायची. वाट बघण्याने कुणाचं काही जात नाही, हे मी पट्टीखाली पडून शिकलो. साहेबांनीही हे मान्य केलं.

पुढच्या खंडेनवमीला पुन्हा केळीचे खुंट लागले, कोहळा फुटला. टेबलावर हत्यारं मांडली. ड्यूटी माझी होती. मी सूट घालून, मीटर कमरेला लावून, फेसशील्ड खाली ओढून टेबलाशेजारी उभा राहिलो. आत घामाने भिजलो होतो. पोरं म्हणाली, या वर्षी देव उभाच आहे.

शिवण्णा कुंकवाची वाटी घेऊन आले. त्यांनी मीटरला टिकली लावली, हातमोज्यांना लावली, आणि शील्डवर बोट टेकवलं. मला सवय लागली आहे, मी डावा डोळा मिटून उजव्याने बघितलं. धूसर होतं, पण लाल होतं. नाकासमोर चांगला मोठा लाल ठिपका.

“अण्णा,” मी म्हणालो, “जरा वर लावा. समोरचं दिसायला हवं.”